आत्याने पास केलेली रेकॉर्ड

आत्या कामाला निघायच्या आधी अर्धा तास आमच्या घरात कुणी भांडं आपटायचं नाही, दार धाडकन लावायचं नाही, खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोकायचं. वडील तिचे थोरले भाऊ, घरात त्यांचा शब्द शेवटचा. पण तेसुद्धा त्या अर्ध्या तासात वर्तमानपत्राचं पान जपून उलटायचे. निघताना ती दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायची आणि बसमध्ये कंडक्टरशी खुणांनी बोलायची. कारखान्यात पोचून स्वतःच्या खोलीचं दार लावलं की मगच कापूस काढायचा. "कान कोरे न्यायला लागतात," असं तिचं म्हणणं. आई म्हणायची, "हिचे कान म्हणजे घरातलं शेंडेफळ. आधी त्यांचे लाड, मग बाकीच्यांचं जेवणखाण."

गावाबाहेर रेकॉर्डींचा कारखाना होता आणि आत्या तिथे ऐकायला होती. हो, ऐकायला. लोकांना हे सांगितलं की ते दात काढायचे. म्हणायचे, आम्हीपण ऐकतो की दिवसभर, आम्हाला द्या पगार. त्यांना एकदा तरी त्या खोलीत आठ तास कोंडायला हवं होतं. भिंतींना जाड लोकरी कापड ठोकलेलं, खिडकी नाही, एक टेबल, एक प्लेअर, एक भिंग आणि हेडफोन. प्रेसमधून, म्हणजे रेकॉर्ड दाबून काढणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या दर पन्नास रेकॉर्डींमागे एक तिच्याकडे यायची. सुरुवात, मध्य, शेवट असं ती ऐकायची. नवा साचा लागला की त्याची पहिली रेकॉर्ड मात्र पूर्ण, दोन्ही बाजू. टिकटिक, खरखर, सुराचं हेलकावणं, काहीही सापडलं की लाल चिठ्ठी. नाही सापडलं की पांढऱ्या चिठ्ठीवर 'पास' आणि खाली तिची सही. गाणं कसं आहे असं कुणी विचारलं की ती वैतागायची. "गाणं ऐकायला वेळ कुणाला आहे? गाण्यात काय घुसलंय ते शोधते मी."

विशीत ती कारखान्यात लागली ती प्रेसच्या हॉलमध्ये. नऊ वर्षं तिथे उभी होती. वाफेची फुसफुस आणि लोखंडाचे दणके असे, की शेजारणीला वेळ विचारायची तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. त्या गदारोळात एक दिवस ती फोरमनला म्हणाली, चौथ्या प्रेसचा दणका आज जरा उशिरा पडतोय. फोरमनने तिला वेड्यात काढलं. मग उघडून बघितलं तर झडप खरंच अडकत होती. पुढच्याच महिन्यात तिला ऐकण्याच्या खोलीत बसवलं. त्या खोलीवर तिचा जीव होता. लग्नाचं जमलं नाही, जमवायची तिला घाईही नव्हती, आणि कुणी तो विषय काढलाच तर कापूस न घालताही तिला ऐकू येत नसे.

आता माझं सांगतो. तेव्हा मी वीस वर्षांचा, केस मानेपर्यंत, अक्कल त्याहून आखूड. मी गिटार वाजवायचो, म्हणजे मला तसं वाटायचं. माझा जिवलग मित्र ड्रम वाजवायचा. अंगाने काडी, म्हणून नाव काडी. त्याच्या काकांच्या रिकाम्या गॅरेजमध्ये आमची तालीम चाले आणि शेजारी आमच्या नावाने बोटं मोडत. आम्हा दोघांचं दैवत एकच, चौघांचा एक रॉक बँड. नाव घेत नाही. घेतलं की आजही कुणीतरी बाह्या सरसावून उठेल. त्यांच्या पहिल्या चार रेकॉर्डी आम्हाला तोंडपाठ होत्या. सगळा दंगा, सगळी गिटार, भिंतीचा गिलावा पडेल असा आवाज. पाचव्या रेकॉर्डीची आम्ही दोन वर्षं चातकासारखी वाट बघितली.

आली ती करड्या कव्हरात. कव्हरवर चित्र नाही, चौघांचे फोटो नाहीत. पहिल्या बाजूला पाच गाणी, त्यांत गिटार औषधालासुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला एकच गाणं, एकोणीस मिनिटांचं. संथ पियानो, एक बाई गुणगुणल्यासारखी गाते, मागे व्हायोलिन. आणि सहाव्या मिनिटाला एक शिट्टी सुरू होते. बारीक, सुईसारखी, कुठल्यातरी यंत्रातून काढलेली, आणि ती शेवटपर्यंत थांबत नाही. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तेरा मिनिटं बसल्यासारखं वाटायचं. बँडने मासिकात छातीठोकपणे सांगितलं होतं की शिट्टी मुद्दाम ठेवली आहे, ज्यांना झेपेल त्यांनी ऐकावं. मला झेपली नाही. माझा विश्वासघात झाला होता आणि मी तो गल्लीभर सांगत सुटलो.

जगात सगळीकडेच त्या रेकॉर्डीवरून दोन तट पडले म्हणतात. आमच्या गावात जरा जास्तच पडले, कारण इथे भांडण आवडीनिवडीचं राहिलं नव्हतं. काडी माझं सगळं ऐकून म्हणाला, "कसली शिट्टी?"

"अरे कसली काय! सहाव्या मिनिटाला सुरू होते ती."

"ते व्हायोलिन आहे, बहिऱ्या. मला तर जाम आवडली रेकॉर्ड. डोळे मिटून पडलं की तरंगल्यासारखं वाटतं."

"तरंग तू. तुझ्या कानात बोळे बसलेत."

"आणि तू मासिकात वाचलेलं ऐकू आल्याचं सोंग आणतोस. गिटार नाही म्हणून पोटात दुखतंय तुझ्या, सरळ सांग ना."

यावर मी त्याच्या ड्रमच्या कातड्याबद्दल काहीतरी बोललो, तो माझ्या बोटांबद्दल बोलला, आणि आमचा बँड तिथेच आटोपला. चष्मेवाल्या दुकानदाराच्या रेकॉर्डींच्या दुकानातही हेच चाललं होतं. शिट्टीवाले एका बाजूला, बिनशिट्टीवाले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बिचारा दुकानदार. एकमेकांच्या घरी जाऊन ऐकलं असतं तर दहा मिनिटांत निकाल लागला असता. पण जाणार कोण? अडलंय कुणाचं! चुकून कुणी दुसऱ्याकडे ऐकलंच तर म्हणायचा, याची सुई झिजलीय. आठ महिने मी आणि काडी एकमेकांशी बोललो नाही. तो समोरून आला की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो. माझ्या बुटांना नाडी नव्हती.

घरी मी त्या शिट्टीच्या नावाने इतके खडे फोडायचो की आई कानांवर हात ठेवायची. आत्या मात्र शांत होती. तिने ती रेकॉर्ड कारखान्यात पूर्ण ऐकली होती. एरवी गाण्याबद्दल चकार शब्द न काढणारी बाई त्या एका रेकॉर्डीबद्दल म्हणाली, "छान आहे रे ती. तुम्हा मुलांना व्हायोलिनचं वावडं, त्याला शिट्टी म्हणता." मला वाटलं, वय झालं हिचं. ती तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती.

एका शनिवारी दुपारी मी दुकानात गेलो तर चष्मेवाल्याने नेमकी तीच रेकॉर्ड लावलेली. दुसरी बाजू. मी दात आवळून सहाव्या मिनिटाची वाट बघत उभा राहिलो. सहावं गेलं, सातवं गेलं, दहावं गेलं. शिट्टी नाही. पियानो, बाई, व्हायोलिन, बस्स. मी काउंटरच्या आत घुसून रेकॉर्ड उचलली आणि उजेडात धरली. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर दोनचा आकडा कोरलेला होता. घरी माझ्या रेकॉर्डीवर एकचा होता, हे मला पक्कं आठवत होतं, कारण मी शिव्या घालतानासुद्धा तिच्याकडे टक लावून बघायचो.

म्हणजे काडी खरं बोलत होता. मला इतका आनंद झाला की मी ती रेकॉर्ड दुकानदाराकडून मागून घेतली आणि पळत सुटलो. काडीकडे निघालो होतो, पण वाटेत वाटलं, आधी आत्याला विचारू. हे आकडे काय असतात ते तिलाच ठाऊक. तिला सांगून मग काडीचे पाय धरायचे.

आत्या गॅलरीत शेंगा सोलत बसली होती. आकडे बघून म्हणाली, "साच्यांचे नंबर आहेत. दोन साचे होते, दोन प्रेसवर लावले होते. दोन्हींच्या पहिल्या रेकॉर्डी मीच पास केल्यात. काही फरक नाही."

"फरक आहे. एकीत शिट्टी आहे, एकीत नाही."

"लाव बघू."

मी आधी दुकानातली लावली. तिने मान डोलावली. मग माझी लावली, सुई सहाव्या मिनिटाच्या आसपास टाकली. ती शिट्टी माझ्या कवटीत शिरली. आत्या शेंगेची टरफलं मुठीत धरून ऐकत होती, भुवया जुळलेल्या, तोंडावर तीच शांतता. "झालं?" ती म्हणाली. "कुठे आहे फरक?"

मला त्या क्षणी कळलं. शिट्टी चालूच होती, आमच्या दोघांच्या मध्ये, आणि तिच्यापर्यंत पोचत नव्हती. मी घाईघाईने प्लेअर बंद केला. "खरंच की," मी म्हणालो. "सारख्याच आहेत. मलाच भास झाला असेल."

आत्याने टरफलं सुपात टाकली. "तुझा आवाज बदलला," ती म्हणाली. "खोटं बोलताना लहानपणापासून बदलतो. तेवढं अजून ऐकू येतं मला. परत लाव, आणि जेव्हा सुरू होईल तेव्हा बोट वर कर."

मी लावली. सहाव्या मिनिटाला बोट वर केलं. ती पुढे वाकली, कानाला हात लावला, डोळे मिटले. मग उठून अगदी प्लेअरच्या पेटीला कान टेकवून बसली. मी बोट वर धरूनच ठेवलं होतं, तेरा मिनिटं, खांदा भरून आला तरी. रेकॉर्ड संपल्यावर ती म्हणाली, "प्रेसच्या हॉलमध्ये नऊ वर्षं उभी होते मी. तिथेच गेलं असणार. जाताना सांगून थोडंच जातं."

मी तिच्याकडे गयावया केली. म्हटलं, हे तुला माहीत आणि मला माहीत, तिसऱ्याला कळायचं कारण नाही. बाकी सगळं तर तुला ऐकू येतं. लोक भांडताहेत तर भांडू देत, रेकॉर्डच आहे ती. तू बोललीस तर ती खोली जाईल.

"आणि काडी?" तिने विचारलं.

"काडीला मार गोळी."

"म्हणजे तो पोरगा खरं बोलून खोटा ठरणार, आणि मी तिथे बसून सह्या करणार?" ती एवढी चिडलेली मी पूर्वी पाहिली नव्हती. "ऊठ. शेंगा आत ने."

सोमवारी ती कामावर गेली ती कापूस न घालता. मी कारखान्याच्या फाटकापर्यंत बरोबर गेलो. रस्ताभर हॉर्न, सायकलींच्या घंट्या, शाळेच्या मुलांचा कल्ला, आणि ती हे सगळं पाहुण्यांच्या घरी आल्यासारखं बघत चालली होती. फोरमनसमोर दोन्ही रेकॉर्डी ठेवून तिने सांगितलं की दोन नंबरचा साचा सदोष आहे आणि तो मी पास केलाय. शोधाशोध झाली. साचा पॉलिश करताना कुणीतरी हात जरा जास्त चालवला होता. सगळ्यात बारीक खाचा पुसल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर शिट्टी. फोरमन भला माणूस. तो म्हणाला, बाई, एक चूक सगळ्यांना माफ असते, बसा जाऊन. तिनेच हट्ट धरून कान तपासून घेतले. डॉक्टरांच्या यंत्रावर वरच्या सुरांना तिने एकदाही हात वर केला नाही.

तिला पॅकिंगला घातलं. रेकॉर्ड कव्हरात सरकवायची, कव्हर पेटीत. तिच्या जागी जी मुलगी आली तिला दोन आठवडे आत्यानेच शिकवलं: भिंग कसं धरायचं, कापूस कसा घालायचा, जेवणानंतर पहिली वीस मिनिटं काही पास करायचं नाही. घरी येऊन ती नेहमीसारखी वागायची. फक्त एकदा वडिलांच्या हातून ताटली पडली, सगळे दचकून तिच्याकडे बघायला लागले, आणि ती म्हणाली, "आपटा आता हवं तेवढं." आई मोरीत जाऊन रडली.

काडीकडे मी त्याच सोमवारी गेलो. सगळं सांगितलं, पायबीय धरले. तो आधी पोट धरून हसला, मग आत्याचं ऐकून तिची चौकशी करायला लागला. कारखान्याने दुकानात पाटी लावली की दोन नंबरच्या रेकॉर्डी बदलून मिळतील. तशा आठशेच्या आसपास विकल्या गेल्या होत्या. काडी आणि मी बरोबर गेलो. त्याने नवी, बरोबरवाली रेकॉर्ड दुकानात उभ्या उभ्या पूर्ण ऐकली. शिट्टी संपल्यावर आपली जुनी काखोटीला मारली आणि म्हणाला, "मी नाही बदलत. मला माझी हीच बरी." महिन्याअखेरीस दुकानदाराने हिशेब सांगितला: आठशेतल्या एकोणचाळीस परत आल्या.

काडीला हे आत्याला सांगायची कोण घाई. घरी येऊन म्हणाला, "आत्या, लोकांना तुमचीच रेकॉर्ड जास्त आवडते."

"माझी कसली?" ती कडाडली. "त्या चौघांनी घाम गाळून काहीतरी केलं आणि मी ते लोकांपर्यंत पोचूच दिलं नाही. कौतुक कसलं करतोस माझं!" काडीने चहा न पिता काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याची समजूत काढून आली.

पॅकिंगमध्ये तिने तेरा वर्षं काढली, कारखाना बंद पडेपर्यंत. मी पोस्टात चिकटलो. गिटार माळ्यावर गेली, केस आपले आपण गेले. काडी दुसऱ्या गावी नातवंडांसाठी ताटं बडवतो. आईवडील गेल्यावर दर रविवारी दुपारी मी आत्याकडे जायला लागलो, आणि दर रविवारी ती मला तीच करडी रेकॉर्ड लावायला लावायची. एक नंबरची, शिट्टीवाली. दुसरी कुठलीही लाव म्हटलं तर नाही. आवाज मोठा ठेवावा लागे. शेजारी समजूतदार आहेत. ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. सहाव्या मिनिटाला माझा चेहरा आपोआप वाकडा व्हायचा, आणि तिचं बोट टुपकन वर. "आली," ती खूश होऊन म्हणायची. मग तेरा मिनिटं ती माझ्या तोंडावर ती शिट्टी ऐकायची. मला त्या शिट्टीचा तिटकारा होता. तरी एक रविवार मी चुकवला नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. आत्या शहाऐंशी वर्षांची, मी बासष्टचा. रेकॉर्ड लावली, स्टूल ओढलं. मी दात आवळून तयार. पियानो पुढे गेला, बाई गायला लागली, व्हायोलिन आलं. मी वाट बघत राहिलो. सुईत कचरा अडकला असेल म्हणून वाकून बघितलं. सुई स्वच्छ होती. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, बोट मांडीवर तयार ठेवून. मी घाईघाईने तोंड वाकडं केलं.

तिचं बोट निम्मं वर गेलं आणि थांबलं.

"उशीर झाला," ती म्हणाली. "येत नाही ना तुला?"

"नाही."

"कधीपासून?"

"आजच कळलं."

"घाबरलास?"

"हो गं."

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मीपण घाबरले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी पेटीला कान लावून बसले होते ना, तेव्हा. फार घाबरले होते." बेचाळीस वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. याची मला लाज वाटली, अजून वाटते.

"आता आलायस तर ऐक तरी नीट," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसता दातओठ खात बसलास."

मी ऐकलं. ती बाई प्रत्येक ओळीआधी श्वास घेते, तो ऐकला. पियानोवाला पायाखालची पट्टी सोडतो तेव्हा लाकूड कुरकुरतं, तेही. शेवटी शेवटी व्हायोलिन एकटंच उरतं आणि हळूहळू दुसऱ्या खोलीत निघून गेल्यासारखं दूर जातं. मला हे काहीच माहीत नव्हतं. रेकॉर्ड संपली, सुई आत जाऊन फिरत राहिली आणि आम्ही दोघंही उठलो नाही.

"आत्या, सुंदर आहे गं ही," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.